कारखान्यातून निघाला तसा

शुक्रवारी बाजारातल्या पथारीवरून आणलेले
अकरा वस्तरे मी आरसे करून ठेवलेत.
आधी गंज, मग चारशेचा कागद, हजारचा, दोन हजारचा,
शेवटी हिरवी पेस्ट आणि जुन्या कोटाची लोकर.
पात्यात माझी नाकपुडी दिसली की म्हणायचो,
हा बघा, कारखान्यातून निघाला तसा.

रावपुऱ्यातले चंपकभाई लिंबाचिया दुकान आवरत होते.
खणातून डबी निघाली, मेणकागद न सोडलेला.
“बापूजींनी घेतलेला. त्याच वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला.”

घरी आणून, दिव्याखाली उघडला.
आत आरसा नव्हताच.
आडव्या, केसाहून बारीक रेघा
आणि भुरकट उजेड,
सूरसागरावर सकाळी सहाला असतो तेवढाच.
दांड्याजवळ एके ठिकाणी चाक जरा घसरलेलं.
कुणाचं तरी लक्ष
जेवणाच्या भोंग्याकडे असणार.

अकराही मांडले ओळीने.
अकरा वेळा मीच दिसलो,
मिशीसकट.

आठवड्याने बारावा परत नेला,
मेणकागदाच्या त्याच घड्यांत.
चंपकभाईंनी उजेडाला धरून पाहिला,
“झाला?”
म्हटलं, झाला.
मग त्यांनी विचारलं, किती द्यायचे.