स्काइट

आमच्या साउथलंडात हा शब्द
लहानपणीच कानफटात बसतो.
"स्काइट नको करूस."
म्हणजे फुशारकी नको. म्हणजे शर्यत जिंकलीस
तर बूट पुसून दारात ठेव, आणि जेवायला ये.
मला पहिलं बक्षीस मिळालं त्या संध्याकाळी
आईनं पुढ्यात बटाटे ठेवले, सोलायला.

शब्द स्कॉटलंडहून बोटीनं आला,
आजीच्या पणजीसोबत, मोज्यात गुंडाळलेला.
तिकडे म्हणे त्याचे धंदे निराळे होते.
गोठल्या डबक्यावरून टणकन निसटलेला दगड,
वाऱ्यानं तिरकी हाणलेली गारांची सर,
बर्फावर पाय सटकून भर रविवारी आपटलेला पाद्री,
सगळं स्काइट.
त्याही मागे, नॉर्स खलाशांच्या तोंडी,
कुणी म्हणतं बाण सोडणं,
कुणी म्हणतं पाखरानं उडता उडता
खाली टाकलेलं ते.
कोशवाल्यांचं अजून जुळलेलं नाही.
मर्डोकाका म्हणायचा, एकच की.
सुटलं ते सुटलं.

काका मेंढ्यांची लोकर कातरायचा.
एका दिवसात तीनशे सत्तेचाळीस,
असं तो आयुष्यात एकदाच बोलला,
एकाहत्तर साली, माटाउराच्या गुत्त्यात, दुसऱ्या ग्लासानंतर.
गावानं त्याचं नाव 'सत्तेचाळीस' पाडलं.
वरचे तीनशे कापून घेतले.
पुढं तो फक्त कुत्र्यांशी बोलायचा,
तेही हवापाण्याचं.

जूनमध्ये गेला.
चर्चच्या हॉलात चहा, चीज रोल, ओले कोट.
चार शब्द कुणी बोलणार का, पाद्र्यानं विचारलं.
आम्ही बशांकडे बघत राहिलो.
स्वतःबद्दल बोलू नये हे इतकं मुरलेलं
की दुसऱ्याबद्दलही जीभ उचलेना.
पत्र्यावर गारा तिरक्या वाजत होत्या.

मागून मेरेआना पारातेने उठली,
गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.
"मी तेव्हा सतरा वर्षांची. लोकर गोळा करायचे, आकडा मांडायचे.
तीनशे सत्तेचाळीस नव्हत्या त्या."
कुणीतरी खोकलं.
"तीनशे बावन्न.
पाच त्यानं लँगडनच्या पोराच्या नावावर घालायला लावल्या.
पोराचं मनगट सुजलं होतं."

मग ती आमच्याकडे पाठ करून
त्याच्याशीच बोलायला लागली, तिच्या माणसांत बोलतात तशी,
तोंडावर, खणखणीत,
तुझ्यासारखा हात नव्हता रे, तुझी मेंढी कधी रक्ताळली नाही,
जा आता, ताठ जा.
पेटी बंद होती. तरी मला वाटलं
तो आत लाजून लाल झाला असणार.

घरी येताना कुंपणापाशी डबकं गोठलेलं.
एक चपटा दगड उचलला, फेकला.
सात टप्पे.
आसपास कुणी नव्हतं.
म्हणून तुम्हाला सांगतेय.
सात.