खपली

कारखान्याच्या काट्यावरून ट्रक भरलेलाच परत आला
तेव्हा एवारिस्त काही बोलला नाही.
पावतीवर एकच शब्द होता: नाकारले.
साडेबारा टन बटाटे, आतून लोण्यासारखे,
वरून देवीचे व्रण असल्यागत.

प्रिन्स एडवर्ड बेट, पश्चिमेचं टोक.
माती इतकी लाल की पांढरे मोजे
पहिल्याच धुण्यात हार मानतात.
दर हिवाळ्यात समुद्र तिचा एक घास घेतो,
उरलेलीत ही माणसं बटाटे लावतात.

ओदीलनं ढिगातला सगळ्यात कुरूप उचलला,
बापाला न विचारता,
आणि कोटाच्या खिशातून शहरात नेला.

खपली खरवडली, पाण्यात ढवळली,
काचेच्या ताटलीत पसरली.
आठव्या दिवशी राखाडी ठिपके,
खडूची भुकटी सांडावी तसे.
झाकण उचललं
तर घरच्या तळघराचा वास.

त्या जिवाणूचं कुणाशी वैर नव्हतं.
कोवळ्या सालीतून आत शिरायला वाट हवी होती, इतकंच.
वाढणारी पेशी आपली भिंत विणत असते,
हा हळूच धागा काढून घेतो.
पेशी फुगते. फुगतच जाते.
भिंतीवाचून घर किती वेळ उभं राहणार?

बटाट्याला छळतं ते तणाला का सोडेल,
या एका प्रश्नात तिची तीन वर्षं गेली.
हाती आली पिवळी पूड,
चिमूट म्हणावी तर चिमूटही मोठी.

मग जूनमध्ये, शेतात जव असतं त्या वर्षी,
कोपऱ्यात चार पट्टे, चार खुंट्या.
एवारिस्त बांधावर, हात खिशात.
तण म्हणजे मुख्यतः तेच, ज्याला तुम्ही चाकवत म्हणता
आणि ताक घालून पातळ भाजी करता.
त्याची आईसुद्धा रांधायची, युद्धाच्या साली,
डुकराच्या चरबीत. पुढे बरे दिवस आले,
कुणी नाव काढलं नाही.

"बटाट्याच्या वर्षी नको मारूस हे."
"नाही मारणार."
"ते ओळखेल त्याला."
ओदील हसली नाही. म्हाताऱ्याचं बरोबर होतं.

नवव्या दिवशी जव ताठ,
चाकवताची रोपं मातीलगत सुजून आडवी.
एवारिस्त गुडघ्यावर बसला,
एक उपटून अंगठ्यानं चेपलं.
"हे माझ्याच मातीत होतं," तो म्हणाला,
"आणि मी बाहेरून डबे विकत आणत होतो."

तिसऱ्या पट्ट्यात मात्र एक उभं होतं,
वाकडं, लाल देठाचं.
ओदीलनं वहीत टिपलं: पट्टा तीन, एक.
मान वर केली तोवर
त्यानं शेंडा खुडून तोंडात टाकलेला.

"अहो, फवारलंय ते!"
"खपलीचे बटाटे साठ वर्षं खातोय मी."
सावकाश चावत राहिला.
"मीठ हवं होतं."