चेर्स्त्वी

फळीवर खडूने बाबा रोज एकच शब्द लिहायचे: चेर्स्त्वी.
म्हणजे ताजा.
म्हणजे आत्ताच भट्टीतून काढलाय, बोटं सांभाळा.

नोव्हेंबरात समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
पोलंडच्या पार पूर्वेकडून लेओकादिया आली.
नवऱ्याला तिकडे पुरून, दोन पेट्या घेऊन, लेकीकडे.
बाबांना कळलं, आणि त्यांनी पहिल्या घाण्यातला एक पाव
आईच्या इस्त्रीच्या रुमालात बांधला.
सांत्वनाला शब्द नव्हते, बाबांना ते कधीच नसतात.
दार उघडल्यावर एवढंच म्हणाले,
"तुमच्यासाठी. चेर्स्त्वी."

तिच्या भाषेतही हा शब्द आहे.
तोच चेहरा, तीच चाल.
फक्त तिकडे तो शिळा.
तिकडे तसला पाव भिजवून बदकांना घालतात.

दार लागलं.
जिन्यात बाबा, हातात वाफ धरून.
मी खालून पाहिलं. मनात तिला जे म्हटलं
त्याचा अर्थ मात्र दोन्ही भाषांत एकच होतो.

पुढे शाळेतले क्व्येतोस्लाव मास्तर सांगत होते,
की शब्दाचं मूळ एकच, जुनं: कणखर, टणक.
एका घराने त्यातला जोम घेतला,
दुसऱ्याने कडकपणा.
वाटण्या झाल्या, तेव्हा भांडण नव्हतं म्हणे.
बाबा पीठ मळत होते. म्हणाले, "असेल."

लेकीने आईला उलगडून सांगितलं ते तिसऱ्या दिवशी.
लेओकादिया जिना उतरली, रस्ता ओलांडला,
डोक्याला काळा रुमाल, पायांत घरातल्या सपाता.
तो पाव अजून गल्ल्यामागे होता, गाठ न सोडलेला.
बाबांना तो विकवेना, टाकवेना.
तिने गाठ सोडली, बोटाने टकटक केलं.
लाकडासारखा वाजला.
"चेर्स्त्वी," ती म्हणाली,
आणि आता तिचंच खरं होतं.

घेऊन गेली. रश्शात बुडवून खाल्ला असेल,
आम्ही विचारलं नाही.
रुमाल धुऊन परत आला, इस्त्री तिच्या पद्धतीची, तिरकी.

बाबा हल्ली फळीवर नुसती वेळ लिहितात.
सहा दहा. सात पाच.
तरी ती येते, काचेवर वाकते, विचारते,
"चेर्स्त्वी आहे का?"
आणि बाबांचा हात दोन फळ्यांच्या मध्ये
क्षणभर थांबतो.