खांद्यापुरता आवाज

सुनागा-सान मुके नाहीत.
बोलतात, पण ते बोलणं त्यांच्याच कानांपर्यंत पोचत नाही,
म्हणून काउंटरवर आधी कागद ठेवला,
मग बंदूक.
खोटी. पांढरे प्लास्टिकचे छर्रे मारणारी.
रविवारी किर्यूच्या वरच्या रानात
म्हातारी-तरणी माणसं हात वर करून "मेलो!" म्हणतात
आणि हसत डबा खायला जातात, त्या खेळातली.

कागदावर होतं:
"टीममधली पोरं म्हणतात, मी झुडपात लपलो
तरी सगळ्या रानाला कळतं.
मला काही ऐकू येत नाही. बघून द्या."

मी ट्रिगर ओढला.
खिळ्यांचा डबा कुणी जिन्यावरून सोडून दिला जणू.
खालच्या न्हाव्याने झाडूच्या दांड्याने
माझी जमीन, म्हणजे त्याचं छत, ठोकलं.

उघडली तर आत ग्रीसचा टिपूस नाही.
मोटरचं दातेरी चाक पुढच्या चाकाला चावत होतं,
आणि दट्ट्या दर वेळी
उघड्या कपाळाने भिंतीवर आदळत होता.

तीन रात्री लागल्या.
चाकांच्या बाजूला कागदाहून पातळ चकत्या:
एक घातली की कुरकुर,
दोन घातल्या की रुसवा,
दीड चकती बाजारात मिळत नाही,
ती काचेवर घासून करावी लागते.
कपाळापुढे मऊ रबराची उशी.
स्प्रिंगच्या पोटात नळी, म्हणजे ती गुणगुणणार नाही.
आतल्या बॅरलला टेपचे दोन वेढे
(तिसरा दिला, जास्त झाला, काढला).
दस्त्यात स्पंज कोंबला, गच्च.
मग ओढला ट्रिगर.
कुणी पुस्तक मिटलं, एवढंच.
न्हावी झोपलेला राहिला.
मी माझ्यावरच खूश.

शनिवारी ते आले. मागच्या बोळात
खांद्याला लावून एक मारली.
बंदुकीकडे पाहिलं.
आणखी एक. छर्रे संपले का ते पाहिलं.
दस्त्यावर तळवा ठेवून थांबले,
आजाऱ्याच्या छातीवर ठेवतात तसा.
मग लिहिलं: "बंद पडली?"

मी समोरच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं.
दोन भोकं, शेजारीशेजारी.
ते त्या भोकांकडे असे बघत राहिले
की ती दुसऱ्याच कुणी पाडलीत.

कागद उलटा करून लिहिलं:
"चाळीस वर्षं मागांच्या शेडमध्ये होतो.
कान तिथेच ठेवून आलो.
पण लाकडावर हात ठेवला की कळायचं
कुठल्या मागाचा धोटा अडतोय.
खांद्याला थोडं कळू द्या."

माझी आई तसल्याच एका शेडमध्ये होती.
जेवताना वाटी आपटून ठेवायची.
आम्हाला वाटायचं, रागावली आहे.
कितीतरी वर्षं वाटत होतं.

पुन्हा उघडली.
चकत्या, उशी, टेप यांना हात लावला नाही.
फक्त दस्त्यातला स्पंज ओढून काढला
आणि तिथे आईच्या डब्यातली लाकडी कांडी बसवली,
चार मिलिमीटर कापून:
एक टोक यंत्राच्या पाठीला,
दुसरं त्यांच्या खांद्याच्या हाडाला.
हवेला काही सांगायचं नाही.
सांगायचं ते हाडाला.

त्यांनी एक मारली.
मला पुस्तक मिटल्यासारखंच ऐकू आलं.
त्यांच्या भुवया मात्र वर गेल्या,
आणि वरच राहिल्या.
मग आणखी एक. मग, मोजली मी, एकोणीस.
पुठ्ठ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बिलावर मी लिहिलं:
आवाज काढणे, सहा हजार येन.
खालच्या ओळीत: कंप परत ठेवणे.
याचे किती लावायचे ते कळेना,
शून्य लिहिलं.
त्यांनी पेन मागितलं,
त्या शून्याआधी पाच काढला,
मागे आणखी एक शून्य,
आणि मोजून सुटे पैसे ठेवले,
जरा आपटूनच.