तपोवनाचे वेगळे

दीडशे रुपये, तपोवनाचे वेगळे.
हे वाक्य मी दिवसातून दहा-बारा वेळा म्हणतो,
हॉर्न वाजवावा तसं, विचार न करता.
काळाराम, सीतागुंफा, पाच वड, रामकुंड : तीनशे.
गोष्ट त्यातच आली.
पुढची हवी तर रिक्षा पुढे जाईल.

काल रात्री हिरावाडीत, जेवणं आटोपल्यावर,
तनिष्कानं मोबाइल माझ्यापुढे धरला.
स्क्रीनवर एक बेट, एक विझलेला दिवा,
आणि दार. बंद.
दाराखाली : पुढील कथा, रुपये चारशे एकोणपन्नास.

म्हटलं, दिवाळीत नऊशे भरले ते कशाचे?
"ते गेमचे, पप्पा. ही वरची गोष्ट.
हिची बहीण होडीतून गेली ती गेलीच.
वर्षभर शोधतेय मी तिला.
ती या दारामागे आहे. आवाज येतो. ऐका."

ऐकला. खोकल्यासारखा होता.

मग मी बोललो, बरंच बोललो.
गिरणीवाला दळणाचे घेतो,
वर पीठ अडवून ठेवतो का?
करंजी विकायची आणि सारणाचे वेगळे घ्यायचे
ही कुठली रीत?
बायको भांडी विसळता विसळता म्हणाली, बरोबर आहे.
तेवढ्यावर मला आणखी चढलं.

तनिष्का चिडली नाही, तीच तर पंचाईत.
म्हणाली, गोष्ट लिहिणारेही जेवत असतील ना.
जेवण झाल्यावर कोणी विडा मागितला
तर पानवाला पैसे घेतोच.
म्हटलं, विडा वेगळा, सारण वेगळं.
"हो. पण हे त्यातलं काय आहे
ते आत गेल्याशिवाय कसं कळणार?"

आणि मग, माझ्याकडे न बघता :
"तुम्ही रामकुंडावर कुठे थांबता, पप्पा?"

कुठे थांबतो.
शूर्पणखा नटूनथटून झाडीतून बाहेर येते, तिथे.
लक्ष्मण मागे वळून बघतो, तिथे.
तिथे मी इंजिन बंद करतो, मिशीवरून हात फिरवतो
आणि म्हणतो, पुढचं घडलं ते तपोवनात.
सोळा वर्षांत ही जागा मी घासून घासून गुळगुळीत केलीय.
आधी थांबलो तर कोणी येत नाही,
नंतर थांबलो तर यायची गरज उरत नाही.

मागच्या माघात अकोल्याकडच्या एक बाई होत्या.
चंचीतले पैसे त्यांनी सीटवरच मोजले,
बसभाडं बाजूला काढलं, पुन्हा मोजले,
म्हणाल्या, "राहू दे बाबा, ठाऊक आहे आम्हाला."
ठाऊक असणारच. लहानपणापासून असणार.
तरी उतरल्यावर त्या गोदावरी जाते त्या बाजूला
मान वळवून बघत राहिल्या,
गौरी पटांगणावरून बस हॉर्न देईपर्यंत.

हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

अडीचशे माझे, बाकी तिच्या डब्यातले.
दार उघडलं.
मी झोपलो, म्हणजे आडवा झालो.

आज सकाळी जळगावचं कुटुंब, चार माणसं.
रामकुंडावर ती झाडीतून बाहेर आली,
मी इंजिन बंद केलं,
हात मिशीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.
मग मी नाक कापलं. फुकट. रिक्षातच बसून.
वाईट सांगितलं, घाईत; त्या जागी सांगायची सवय नव्हती.
त्यांचा पोरगा म्हणाला, एवढंच?
तपोवनाला कोणी आलं नाही.
सीएनजीची रांग होती तेवढीच होती.

उद्याचं उद्या बघू.

रात्री ताटावर बसल्या बसल्या विचारलं,
"मग? बहीण सापडली का?"
तनिष्कानं घास गिळला, हात पुसला,
तळवा माझ्यापुढे पसरला :
"दीडशे, पप्पा. पुढचे वेगळे."