उणे ऐंशी

एर्झुरुममध्ये चहात साखर घालत नाहीत.
खडा दाताखाली धरतात, गालाशी दाबून,
आणि त्याच्यावरून चहा जाऊ देतात.
बेताचा माणूस एका खड्यावर तीन पेले काढतो.
फेरामूझ उस्तांना पेल्याला एक खडा लागायचा.
रेल्वेच्या यार्डात, सांध्यावर, चाळीस वर्षं,
दिवसाला पंधरा पेले.

मी त्यांना नावानं ओळखायचं नाही असा नियम आहे.
माझ्यासाठी ते शून्य-दोन-एक-सात.
जांभळ्या बुचाची एक नळी, पिवळ्या बुचाची एक,
दर तीन महिन्यांनी, उपाशीपोटी.
पण माझी ह्युस्निये मावशी त्यांच्याच जिन्यात राहते,
आणि मावशीला कुठला नियम.

तांबडी पेशी जगते एकशेवीस दिवस, साधारण.
तेवढ्यात जी साखर तिला चिकटली ती चिकटली.
तपासणीआधी आठवडाभर
सगळेच शहाण्यासारखे वागतात.
रक्त मागच्या हिवाळ्यापासूनचं सांगून टाकतं,
चहाडखोर धाकट्या भावासारखं.

अभ्यासात तीनशे बारा माणसं.
नर्मिनबाई शोधत होत्या एक खूण:
साखर कुणाची नुसती चढते
आणि कुणाची कशाच्या तरी आधी.
दोनशे सतराची चढली, आणि वजन आठ किलो उतरलं.
दुसरा आकडा मी दोनदा काढला,
तिसऱ्यांदा रसायन बदलून.
आकडा हलला नाही.
त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही, तसाच घरी नेला.

स्वादुपिंडाचं शेपूट कापलं, प्लीहाही गेली.
पाच तास. सर्जन तुर्गाय बाहेर आले
तेव्हा त्यांच्या टोपीखाली कपाळावर वळ होता.
कडा स्वच्छ आल्या, असं नर्मिनबाईंनी आठवड्यानं सांगितलं.
अशी बातमी आणणाऱ्याच्या तोंडात साखर पडो म्हणतात.
जिभेवर आलेलं मी गिळलं.

मग जानेवारीतली ती रात्र.
फ्रीझर ओरडायला लागला.
उणे ऐंशी. उणे चौऱ्याहत्तर. उणे एकोणसत्तर.
बाहेर उणे एकतीस होतं,
माणूस मारायला पुरेसं,
रक्त राखायला नाही.
पहारेकरी दुर्सुन आणि मी
कोरड्या बर्फात खोके दाबून
अंगण ओलांडत होतो, पॅथॉलॉजीच्या इमारतीकडे,
अकरा खेपा.
सातव्या खेपेला तो घसरला, खोका मात्र छातीवरच धरून पडला,
आणि पडल्या पडल्या विचारलं,
कुणाचं आहे हे?
मी म्हटलं, सगळ्यांचं.

तिथल्या फ्रीझरशेजारी लाकडी खण होते.
एक अर्धवट उघडा.
आत मेणाच्या वड्या, ओळीनं, साखरेच्या खड्याएवढ्या,
आणि एकीवर आमचाच क्रमांक.
गाठ.
मी हातमोजा काढला नाही, बोटही लावलं नाही.
त्यांचं आधीचं रक्त, नंतरचं रक्त
आणि ही,
त्या रात्री एका छपराखाली.
ते स्वतः तेवढे घरी झोपलेले,
मावशीच्या भिंतीपलीकडे, घोरत.

एप्रिलमध्ये आले. कोट ढगळ झालेला.
आता खडा नाही, म्हणाले, वाळलेलं तुतीचं फळ धरतो दाताखाली.
ती पण साखरच, मी म्हटलं.
हं, म्हणाले, पण झाडाची.

बाही वर करता करता विचारलं,
त्या कागदावर मी सही केली होती ना,
मी गेल्यावरही वापरा म्हणून?
म्हणजे ते थंडीतच राहणार?
उणे ऐंशीत, मी म्हटलं.
त्यांनी शीळ घातली, गाडी सुटताना घालतात तशी.
आमच्या यार्डात एकदा उणे चाळीस होतं.
सांधा गोठला होता. मी त्याच्यावर चहा ओतला.

सुई गेली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.
नळी भरली. मी ती उलटीसुलटी केली,
हळूच, आठ वेळा,
फेस येऊ न देता.