राख, नग नऊ

मानेवाड्यात, आम्रपाली गजभियेच्या मागच्या खोलीत,
कूलरचे शिंतोडे उडणार नाहीत इतक्या अंतरावर
एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो.
त्याच्यात आमची नदी वाहते.

नाव नागनदीच.
फक्त हिच्यात पाणी आहे,
तळाचे गोटे मोजता येतील असं.
काठावर बसायचं, गळ टाकायचा,
बाकी खेळात काही नाही.
जिंकणं नाही. मरणं नाही.

मी मेडिकल चौकातला रात्रपाळीचा औषधवाला,
दोन गिऱ्हाइकांच्या मधे तिथं जाऊन बसतो.
कोराडीच्या बॉयलरवरचा ‘कोळसा’ असतो,
कामठीची नववीतली पोर, ‘बिनडोक बदक’,
आणि ‘आबाजी ७२’, जे खरंच बहात्तरचे आहेत
आणि ज्यांना अजून एकही मासा लागलेला नाही.
एकंदर आम्ही त्रेचाळीस.
‘काऊन बे, जेवला का?’
‘हाव.’
एवढ्यावर कोणी तासभर गप्प राहिलं
तरी कोणी मनाला लावून घेत नाही.

जुलैत लक्षात आलं
की पाण्यात टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही.
आधी एक चप्पल तरंगली. हसलो.
मग फुटके माठ, बाटल्या, तुटके गळ,
आणि एकानं (मीच तो)
थैली जड झाली म्हणून अख्खी उलटी केली.
ऑगस्ट लागेस्तोवर गोटे दिसेनासे झाले.
आबाजींनी लिहिलं,
‘अशोक चौकातल्या पुलावर उभा आहो असं वाटते.’

आम्रपाली म्हणाली, एका ओळीत पुसते.
सकाळी उठाल तर सगळं साफ.
कोळसा म्हणाला, थांब.
रात्री दोनला एकोणतीस जण जागे,
एकमेकांना नको ते बोललो.
शेवटी बदक:
‘तिनं पुसलं तर आपण पुन्हा टाकू.’

म्हणून हातानं काढलं.
एका वेळी एक नग,
कारण खेळात दोन हात नाहीत, एकच बाण आहे.
अकरा रात्री.
एका गिऱ्हाइकानं खोकल्याची बाटली मागितली
तर मी त्यालाच विचारलं, ही कुठून काढली?

तान्ह्या पोळ्याला इकडे इतवारीत
ढोल फुटेस्तोवर वाजत होते.
तिकडे आम्ही कचऱ्याचीच मारबत रचली:
माठांचं पोट, बाटल्यांचे हात,
त्या पहिल्या चपलेची जीभ.
खेळात आग नव्हती.
आम्रपालीनं दुपारभर बसून आग लिहिली.
नकाशाच्या टोकाला, जिथं झाडं अर्धीच काढलेली आहेत,
आबाजींच्या हाती काडी दिली.

ओळीमागून ओळ उमटत गेली.
लाइटचं बिल घेऊन जा गे मारबत.
बीजगणित घेऊन जा गे मारबत.
घरमालकाचा फोन घेऊन जा.
कोळशानं एकच शब्द लिहिला:
खोकला.

आग पेटली आणि विझेना.
अर्धी झाडं गेली.
‘पूर्ण काढून देते,’ आम्रपाली म्हणाली.
अजून दिली नाहीत.

आणि राख.
राखही वस्तूच निघाली.
टाकावी तर नदीतच जाणार,
म्हणून वाटून घेतली.
माझ्या वाट्याला नऊ आल्या.
बदकानं हट्टानं बारा घेतल्या.

आता गोटे दिसतात.
आबाजींना मासा अजून लागला नाही,
फक्त आता सांगायला कारण उरलं नाही.
कोळसा आठवड्यातून एकदा येतो,
आला की आम्ही विचारत नाही, तो सांगत नाही.

परवा पहाटे सुटी झाल्यावर
स्कूटर पुलावर थांबवली, नाकाला रुमाल लावून खाली पाहिलं.
गाळात एक चप्पल होती. डावी.
आमची कोणती होती, आठवेना.

थैली उघडली की पहिलं तेच येतं:
राख. नग नऊ. वजन शून्य.
आणि बाजूला, रोज,
एक छोटं बटण:
टाका?